आम्लपित्त, गोळी आणि दुर्बीण

(प्रस्तावना)

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या मेडिकलवर थोडा वेळ उभे राहिले, तर एक मागणी हमखास कानावर पडते : ‘‘पित्ताची गोळी द्या.’’ चिठ्ठी नसते, विचारपूस नसते. दुकानदार पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो. गिऱ्हाईक त्यातली एक तिथेच घोटभर पाण्याबरोबर गिळते आणि गाडी गाठते. गोळी बहुधा पॅन्टोप्राझोलची असते. लोक तिला ‘पॅन फॉर्टी’ म्हणून ओळखतात. तिच्याआधी रॅनिटिडीन होती, तिच्याआधी जेल्युसिलची बाटली आणि त्याहीआधी खाण्याचा सोडा. नावे बदलत गेली, सवय तीच राहिली. पाच-पाच, दहा-दहा वर्षे रोज ही गोळी घेणारी माणसे या जिल्ह्याच्या वाडीवस्तीवर भेटतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घशातून एकदाही तपासणीची दुर्बीण उतरलेली नसते.

मग एक दिवस कुणीतरी सांगते, ‘‘कशाला जन्मभर गोळ्या खाताय? दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. चार-पाच भोकं पाडतात, तिसऱ्या दिवशी माणूस घरी.’’ सांगणारा खोटे बोलत नसतो. पण त्या दोन वाक्यांत बरेच काही राहून गेलेले असते. राहून गेलेले ते सगळे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

प्रस्तावना लिहायचे मी एका अटीवर कबूल केले होते. तपासण्यांचे प्रकरण शस्त्रक्रियेच्या प्रकरणाआधी आले पाहिजे. लेखक स्वतः सर्जन असल्यामुळे ही अट त्यांना रुचणार नाही असे वाटले होते. हस्तलिखित हाती आले तेव्हा क्रम आधीच तसा होता, आणि तपासण्यांची पानेही शस्त्रक्रियेच्या पानांहून जास्त होती. चांगल्या सर्जनची ही एक खूण असते. माझे म्हणणेही तेवढेच आहे : या आजारात ऑपरेशनचा निकाल टेबलावर लागतो त्याहून अधिक, ते कुणाचे करायचे हे ठरवताना लागतो.

आधी आत काय घडते ते पाहू. अन्ननलिका छातीतून खाली येते, श्वासपटलातल्या एका फटीतून पोटात उतरते आणि जठराला मिळते. या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते सैल होते, घास गेला की आवळते. श्वासपटलाचे स्नायू त्याला बाहेरून आधार देतात, आणि अन्ननलिका जठराला तिरकी मिळत असल्यामुळे तिथे एक घडीही पडते. या तिन्ही गोष्टी मिळून झडपेचे काम करतात. जठराच्या अस्तराला आम्ल सोसते, अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही. कडे भलत्या वेळी सैल पडू लागले, किंवा श्वासपटलाची फट रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की आम्ल वर येते. जठर असे वर सरकण्याला हायटस हर्निया म्हणतात. छातीत आग होते, आंबट ढेकर येतात, आडवे झाले की तोंडात पाणी येते. काहींना नुसता रात्रीचा खोकला येतो, काहींचा आवाज बसतो, तर काहींच्या दातांचे आवरण झिजते आणि ते दातांच्या डॉक्टरकडूनच कळते.

गोळी काय करते? जठरातल्या ज्या पेशी आम्ल सोडतात त्यांचा पंप ती बंद पाडते. वर येणारे पाणी येतच राहते, फक्त त्यातली जळजळ कमी होते. म्हणून गोळीने छातीतली आग विझलेला माणूसही रात्री तोंडात पाणी आल्याने उठून बसतो. शस्त्रक्रियेचे काम याच्या उलट आहे. आम्ल तयार व्हायचे तेवढे होतच राहते, त्याची वर यायची वाट आवळली जाते. एवढा फरक ज्याला नीट समजला, त्याला या पुस्तिकेतला अर्धा भाग सोपा जाईल.

आता थोडे आपल्या जिल्ह्याचे. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीत आली. संध्याकाळी घाईने जेवायचे आणि पाणी भरायला रानात जायचे, किंवा रात्री एकला परत येऊन, भाकरी-ठेचा खाऊन तसेच आडवे व्हायचे. पहाटे उपाशीपोटी दोन कप चहा, मग गोठ्यात उकिडवे बसून धारा. पाथर्डी-जामखेडकडची माणसे कोयता घेऊन सहा-सहा महिने कारखान्याच्या रानात असतात. ऊस तोडताना दिवसभर कमरेत वाकायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, जेवणाला वेळ नाही. भरल्या पोटी वाकणे, पोटावर ताण पडेल असे ओझे उचलणे आणि जेवल्याबरोबर झोपणे ही तिन्ही कारणे आम्ल वर ढकलतात. आहाराच्या कुठल्याही पुस्तकात ‘रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास घ्या’ असे एका ओळीत छापलेले असते. ती ओळ लिहिणाऱ्याला रात्रीची लाईट कधी येते हे माहीत नसते.

म्हणून लेखकाने सुचवलेले साधे उपाय मला आवडले. खाटेवर झोपत असाल तर उशाकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करा. नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग नाही. त्याने मान वाकते आणि पोट दाबले जाते. जमिनीवर झोपणाऱ्याने पाठीपासून वर चढत जाईल असा गोधड्यांचा उतार करावा. डाव्या कुशीवर झोपावे. नाडी किंवा पट्टा करकचून बांधू नये. पोट सुटले असेल तर वजन उतरवावे. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दही-ताकाच्या वादात पडत नाही. आणि गोळी घ्यायचीच असेल तर ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. चहाबरोबर किंवा जेवण झाल्यावर घेतलेली गोळी अर्धीच लागू पडते. ‘‘गोळीने काही होत नाही’’ असे सांगणाऱ्यांतले कितीतरी लोक गोळी चुकीच्या वेळी घेत असतात.

दुसरी अडचण निदानाची. आपल्याकडे अर्धे डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, उलटी झाली की पित्त आणि छातीत जळजळले तरी पित्तच. यातले पहिले बहुधा अर्धशिशी असते, दुसरे ॲलर्जीचे. जठराच्या झडपेशी या दोहोंचा काही संबंध नाही, आणि तिच्यावरच्या शस्त्रक्रियेने त्यांतले काहीच बरे होणार नाही. याहून गंभीर गोष्ट हृदयाची. पन्नाशीच्या माणसाच्या छातीत दाबल्यासारखे होते, घाम फुटतो, दंडात किंवा जबड्यात कळ जाते आणि घरचे म्हणतात, ‘‘पित्त वाढलंय, इनो घ्या.’’ त्या ग्लासभर फेसाने बरे वाटेल या आशेवर घालवलेला तास पुढे जिवावर बेततो. छातीतले पहिलेच दुखणे, विशेषतः मधुमेह असलेल्याचे, पित्ताचे मानू नये. आधी ईसीजी काढावा. हृदयाचे काही नाही असे डॉक्टरांनी सांगितले की पित्ताचा विचार करायला वेळ आहेच.

घास अडकणे, वजन उतरणे, उलटीत रक्त, डांबरासारखे काळे शौचास होणे, रक्त कमी भरणे ही लक्षणे असतील तर गोळी घेऊन वाट पाहायची नाही, थेट एंडोस्कोपी. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखू घराघरात आहे. मिश्री लावणाऱ्या बाईची भाकरी घशाखाली अडकू लागली आणि तिला सहा महिने पित्ताच्या गोळ्या दिल्या, असे व्हायला नको.

एंडोस्कोपीची भीती लोकांना नको तितकी असते. तोंडातून बोटभर जाडीची लवचिक नळी जठरापर्यंत जाते, दहा-पंधरा मिनिटांचे काम. यात काही कापत नाहीत. अन्ननलिकेला आम्लाने चरे पडले आहेत का, पडले असतील तर किती, हायटस हर्निया आहे का, अस्तराचा पोत बदलला आहे का, हे डोळ्यांनी दिसते. चऱ्यांची तीव्रता ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्यांत लिहितात. सी आणि डी असेल तर आजार पक्का. पण आम्लाचा त्रास असलेल्या पुष्कळ लोकांची एंडोस्कोपी अगदी स्वच्छ निघते. तिथे पुढची तपासणी लागते. नाकातून एक बारीक तार अन्ननलिकेत सोडून चोवीस तास ठेवतात. ती दर काही सेकंदांनी आम्ल मोजते आणि कमरेच्या यंत्रात नोंदवते. रुग्ण घरी जातो, जेवतो, झोपतो. त्रास झाला की बटण दाबतो. दिवसाच्या एकूण वेळातला ६ टक्क्यांहून अधिक वेळ अन्ननलिका आम्लात असेल तर रोग सिद्ध झाला. ४ टक्क्यांहून कमी असेल तर आम्ल नेहमीइतकेच आहे. मधल्यांसाठी आणखी पुरावा शोधावा लागतो. तिसरी तपासणी मॅनोमेट्रीची. अन्ननलिकेचे स्नायू घास खाली ढकलायला पुरेसे जोरकस आहेत का, हे तिने कळते. ते दुबळे असतील आणि सर्जनने खालचे तोंड घट्ट आवळले, तर रुग्णाला पाणीसुद्धा उतरणार नाही. अकॅलेशिया नावाच्या आजारात खालचे कडे उघडतच नाही आणि तोही सुरुवातीला पित्तासारखाच वाटतो. त्या माणसावर ही शस्त्रक्रिया झाली तर अनर्थ.

चोवीस तासांची ही तपासणी आणि मॅनोमेट्री सगळीकडे होत नाहीत. त्यासाठी बहुतेकांना पुण्या-मुंबईकडे किंवा मोठ्या रुग्णालयात जावे लागते, खर्च होतो, नाकात तार घेऊन दिवस काढावा लागतो. म्हणून रुग्ण आणि डॉक्टर, दोन्ही बाजूंनी त्या टाळायचा मोह होतो. टाळू नयेत, एवढेच सांगतो. का, ते अमेरिकेतल्या एका अभ्यासातून स्वच्छ दिसते. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ‘गोळीने जळजळ थांबत नाही’ अशा ३६६ जणांना एकत्र केले आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांना आधी दोन आठवडे ओमेप्राझोल, म्हणजे पॅन्टोप्राझोलच्याच जातीची गोळी, नेमक्या वेळी, जेवणाआधी, घ्यायला लावली. तेवढ्यानेच ४२ जण बरे झाले. बाकीच्यांच्या तपासण्या केल्या तर ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. त्यांच्या अन्ननलिकेच्या नसाच अतिसंवेदनशील होत्या. काहींना अन्ननलिकेचे वेगळेच आजार निघाले. गळत गळत खरोखर शस्त्रक्रियेला योग्य असे ७८ उरले. त्यांतल्या ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांना गुण आला. औषधे बदलून-वाढवून पाहिली त्या गटात २८ टक्क्यांना, आणि नेहमीच्याच गोळीवर ठेवलेल्या गटात १२ टक्क्यांना.

हे आकडे मी मुद्दाम विस्ताराने दिले. शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत त्यातले शेवटचे ६७ आणि २८ तेवढे येतात. ३६६ चे ७८ कसे झाले, हे कुणी सांगत नाही. योग्य माणूस निवडला तर गोळीच्या दुप्पट गुण, हे खरेच. पण ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला टेबलावर घेतले असते तर किती जणांचे पोट फुकट उघडले गेले असते याचा हिशेब वाचकाने स्वतः करावा.

आता शस्त्रक्रियेची गोष्ट. ती सुरू होते नगरपासून फार लांब. रुडॉल्फ निसेन हा जर्मन ज्यू सर्जन १९३३ साली हिटलरच्या राजवटीत बर्लिन सोडून इस्तंबूलला गेला. तिथे त्याने एका तरुणाच्या अन्ननलिकेचा व्रण असलेला खालचा भाग काढला आणि उरलेली नलिका जठराला जोडली. जोड फुटू नये म्हणून जठराचा वरचा भाग त्याने त्या जोडाभोवती गुंडाळला. हेतू केवळ जोड सुरक्षित ठेवण्याचा होता. बऱ्याच वर्षांनी त्याच्या ध्यानात आले की त्या रुग्णाला आम्ल वर येण्याचा त्रास झालाच नाही. निसेन पुढे अमेरिकेला गेला. ब्रुकलिनमध्ये १९४८ साली त्याने अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातली फुगलेली महारोहिणी सेलोफेनने गुंडाळून त्यांना आणखी काही वर्षे दिली. तिथून तो बाझेलला गेला, आणि १९५५ साली त्याने केवळ आम्लाच्या त्रासासाठी जठर अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. तिला फंडोप्लिकेशन म्हणतात. सर्जन मंडळी नुसते ‘निसेन’ म्हणतात. त्या काळी त्यासाठी बरगड्यांपासून बेंबीपर्यंत पोट उघडावे लागे. जळजळीसाठी एवढा मोठा चिरा द्यायला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही कचरत. ओमेप्राझोल १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि या शस्त्रक्रियेचे दिवस संपले असे वाटू लागले. तेवढ्यात, १९९१ साली, बेल्जियममधल्या लिएज शहरात बर्नार्ड डालमान्य यांनी तीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली.

आपल्याकडे ही दुर्बीण पोचायला वेळ लागला नाही, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका माणसाला जाते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया १९७२ पासून पोटात दुर्बीण घालून निदान करत होते. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, सोनोग्राफी नव्हती. पोटात पाणी झालेल्या माणसाला क्षय आहे की कर्करोग, हे पाहण्यासाठी पोट उघडावे लागे. उदवाडियांनी ते एका लहान छिद्रातून पाहायला सुरुवात केली. १९९० साली त्यांनी जे. जे.मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया म्हणून नोंदली गेली आहे. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २०२३ साली ते गेले. ही शस्त्रक्रिया श्रीमंतांची चैन नाही, हातावर पोट असलेल्या माणसालाच तिची जास्त गरज आहे, असे ते आग्रहाने मांडत. मोठा चिरा भरून यायला महिने लागतात, आणि मजुराचे महिने बुडाले की त्याची चूल बुडते. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात उभे राहून केलेला तो विचार होता. नगर जिल्ह्यासाठी तोच लागू आहे.

खरे म्हणजे आपल्या खेड्यातल्या बायांनी पोटातली दुर्बीण सर्जनांच्या परिषदांआधी पाहिली. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत ‘बिनटाक्याचं’ करून घेऊन संध्याकाळी घरी आलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत. त्यामुळे दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे किरकोळ काम, अशी एक समजूत गावोगाव रुजली. फंडोप्लिकेशन तसे नाही. ते दीड-दोन तासांचे, पूर्ण भूल देऊन करायचे आणि निष्णात हात मागणारे काम आहे.

रुग्णाचे डोके उंच आणि पाय फाकवून ठेवतात. सर्जन दोन पायांच्या मध्ये उभा राहतो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. पाच ते दहा मिलिमीटरची साधारण पाच छिद्रे. एकातून कॅमेरा, एकातून यकृत वर उचलून धरायचे साधन, बाकीच्यांतून हत्यारे. श्वासपटलाच्या फटीपाशी अन्ननलिका मोकळी करतात आणि तिचा निदान अडीच-तीन सेंटिमीटर भाग ओढ न देता पोटात राहील इतकी खाली आणतात. तिच्या अंगावरून व्हेगस मज्जातंतू जातात, त्यांना धक्का लागू द्यायचा नाही. जठर छातीत चढले असेल तर खाली घेतात. मग रुंदावलेली फट मागच्या बाजूने टाके घालून बेताची करतात. प्लीहेकडे जाणाऱ्या आखूड रक्तवाहिन्या कापून जठराचा वरचा भाग सैल करतात, अन्ननलिकेच्या मागून पलीकडे ओढतात आणि दोन्ही हातांतल्या पकडींनी मागे-पुढे सरकवून पाहतात. सर्जनांच्या भाषेत ही ‘शू-शाइन’. गुंडाळी ओढ न घेता सरकली तरच पुढचे टाके. दोन-तीन टाक्यांत पुढे जोडतात. गुंडाळी लांबीला दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि सैल असावी, हे सर्जन अनुभवाने शिकले. सुरुवातीच्या काळातल्या लांब, घट्ट गुंडाळ्यांनी रुग्णांना घास उतरेना. पूर्ण ३६० अंशांची गुंडाळी म्हणजे निसेन. मागून घालायची अर्धवट गुंडाळी टुपे या फ्रेंच सर्जनने १९६३ साली सांगितली; आज ती २७० अंशांची घालतात. स्नायू दुबळे असलेल्यांना ती बरी पडते आणि घास अडकण्याचा त्रासही कमी होतो. यंत्रमानवाच्या मदतीने हीच शस्त्रक्रिया करतात. त्याने रुग्णाला फार वेगळे काही मिळते असे मला दिसले नाही, बिल मात्र वाढते.

नंतरचे दिवस कसे जातात हे लेखकाने जेवढ्या बारकाईने लिहिले आहे तेवढे मी मराठीत कुठे वाचले नव्हते. पहिले एक-दोन दिवस खांदे दुखतात. पोटात भरलेल्या वायूने श्वासपटल चिडते आणि कळ खांद्यात येते. ऑपरेशन पोटाचे आणि दुखतो खांदा, म्हणून नातेवाईक घाबरतात. त्यांनी घाबरू नये. महिनाभर सांध्यावर सूज असते, त्यामुळे सुरुवातीला पातळ, मग मऊ जेवण. पेज, गाळलेले वरण, ताक, नंतर खिमट, आंबील, गुरगुट्या भात. भाकरी, चपाती, पाव आणि मटणाचे तुकडे चार ते सहा आठवडे बंद. त्यानंतरही भाकरी आधी दुधात किंवा आमटीत कुस्करून. सोडा आणि कोल्ड्रिंक नको. सहा आठवडे पोते उचलायचे नाही, पाण्याची मोटर ओढायची नाही. ऊसतोड कामगाराने ऑपरेशन हंगामाच्या तोंडावर ठरवू नये.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी. घशात बोटे घालून ‘पित्त पाडायची’ सवय असलेली माणसे आपल्यात बरीच आहेत. पिवळे-कडू पाणी पडले की त्यांना बरे वाटते. शस्त्रक्रियेनंतर उलटी करणे अवघड होते, ढेकर देणेही. काहींचे पोट वायूने तडतडते, गॅस खालून जास्त जातो. आणि नवी झडप बसवून घेतलेल्या माणसाने जोर लावून ओकायचा प्रयत्न केला तर टाके तुटून गुंडाळी छातीत सरकू शकते. ज्याला ही सवय सोडवत नाही, त्याने आधी ती सोडावी आणि मगच ऑपरेशनचा विचार करावा.

टिकते किती? स्वीडनमध्ये दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ जणांचा मागोवा घेतला. सरासरी पाच वर्षांत १७.७ टक्के लोकांचा त्रास परत आला. बहुतेकांना पुन्हा गोळ्या सुरू कराव्या लागल्या, थोड्यांची पुन्हा शस्त्रक्रिया झाली. युरोपातल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, गोळीने आधीच चांगला आराम असलेल्या रुग्णांत, पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटातले ८५ टक्के आणि गोळी घेणाऱ्यांतले ९२ टक्के लोक बरे होते. म्हणजे ज्याला रोज एक गोळी लागते, तिने त्याचे सगळे भागते आणि ती घ्यायला त्याची ना नाही, त्याला शस्त्रक्रियेची सक्ती नाही. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ असे घाबरवून कुणी टेबलावर नेत असेल तर थांबावे. गोळी वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, ते अधूनमधून तपासावे. किडनीबद्दलचे अभ्यास दोन्हींचा संबंध दाखवतात, गोळीमुळेच किडनी जाते असे ते सिद्ध करत नाहीत. कर्करोग टळावा म्हणूनही ही शस्त्रक्रिया करू नये. तसा भरवसा देणारा पुरावा नाही.

मग ती कुणासाठी? मोठा हायटस हर्निया आहे, रात्री अन्न आणि पाणी घशाशी येऊन ठसका लागतो, पूर्ण मात्रेची गोळी नीट घेऊनही चोवीस तासांच्या तपासणीत आम्ल सापडते, किंवा वय लहान आहे आणि जन्मभर गोळी नको आहे, अशांसाठी. त्यांच्या बाबतीत ती फार चांगली शस्त्रक्रिया आहे, हे मी तितक्याच ठामपणे म्हणतो. या लोकांना दहा वर्षे पट्टीमागून पट्टी कापून देत राहणे हाही अन्यायच आहे. फार लठ्ठ माणसासाठी मात्र साध्या गुंडाळीपेक्षा गॅस्ट्रिक बायपास बरा. वजनासाठी करतात ती स्लीव्ह शस्त्रक्रिया आम्लाचा त्रास वाढवू शकते, हे तिथे जाण्याआधी विचारून घ्यावे.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरातला माणूस उपचारासाठी संगमनेर-नाशिककडे जातो, जामखेडचा बीड-बार्शीकडे, पारनेर-श्रीगोंद्याचा पुण्याकडे. पण या जिल्ह्याने आरोग्यसेवा गावात आणण्याचे दोन मोठे प्रयोग पाहिले आहेत. सहकारी साखर कारखानदारी जिथे सुरू झाली त्या लोणीत १९७६ साली प्रवरा ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आणि १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. खेड्यात राहून सर्जन घडू शकतात हे त्याने दाखवले. आणि जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले आणि पुढे निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आजार ओळखायला पहिल्यांदा यंत्र लागत नाही, नीट विचारलेले प्रश्न लागतात, हे त्या बायांनी सिद्ध केले. या पुस्तिकेतली प्रश्नावली आशाताईंच्या हाती पडावी असे मला त्यामुळेच वाटते. कधीपासून जळते, आडवे झाल्यावर वाढते का, घास अडकतो का, वजन उतरले का, गोळी कधी घेता? या पाच प्रश्नांची उत्तरे कुठल्याही डॉक्टरचे निम्मे काम करून ठेवतात.

खर्चाबद्दल एवढेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपल्या आजाराची शस्त्रक्रिया त्या यादीत कोणत्या नावाने बसते आणि जवळचे कोणते रुग्णालय ती योजनेतून करते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे, नंतर नव्हे. सर्जनलाही विचारावे : ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? पूर्ण गुंडाळी घालणार की अर्धवट, आणि का? माझी मॅनोमेट्री झाली आहे का? विचारायला संकोच वाटू देऊ नये. ज्याला या कामाची सवय आहे तो या प्रश्नांवर रागावत नाही.

शेवटी वाचकाला एक विनंती. तुम्ही किंवा घरातले कुणी दोन महिन्यांहून अधिक काळ रोज पित्ताची गोळी घेत असाल, तर पुस्तिका पुढे वाचण्याआधी गोळीचे नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ एका कागदावर लिहा, आणि आजवर एंडोस्कोपी झाली असेल तर तिचा रिपोर्ट शोधून त्या कागदाला जोडा. झाली नसेल, तर या महिन्यात ती करून घ्या.